विस्तवाविना स्वयंपाक : एका गवताच्या पेटीचा इतिहास

आमच्या लहानपणी घरी कार्य निघाले, की आमची आत्या एक गोष्ट हमखास करीत असे. भाताचे मोठे पातेले अर्धेकच्चे असतानाच ती चुलीवरून उतरवायची, वर्तमानपत्रांच्या जाड घडीवर ठेवायची, वर जड झाकण आणि त्या सगळ्यावर एक जुनी गोधडी. चूल मोकळी झाली, की त्या जागी आमटी चढायची. तासाभराने गोधडी काढावी तो भात व्यवस्थित शिजलेला, मोकळा आणि चटका बसेल इतका गरम.

पुढे भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आम्ही घरी गेलो आणि मोठ्या उत्साहाने तिला समजावू लागलो, की गोधडी स्वतः काही उष्णता देत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "देते असं मी कधी म्हटलं? ऊब भाताचीच आहे. मी फक्त तिला जाऊ देत नाही."

उष्णतारोधनाची ही व्याख्या पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा कमी नेमकी नाही. प्रश्न असा, की ही गोष्ट आत्याला जर ठाऊक होती, तर ती आम्हाला आमच्या पुस्तकात का भेटली नाही? आणि ती फक्त आत्यालाच ठाऊक होती का? याचा शोध घेऊ लागलो तेव्हा दोन हजार वर्षांचा एक लांबलचक धागा हाती आला. तो आज शिक्षकमित्रांसमोर ठेवीत आहोत.

शिजण्यासाठी काय लागते?

इतिहासाकडे वळण्यापूर्वी थोडे गणित करू. घरात पाव किलो तुरीची डाळ एक लिटर पाण्यात शिजवायची आहे. पाणी २५ अंश सेल्सिअसवर आहे. ते १०० अंशांपर्यंत नेण्यास ७५ किलोकॅलरी उष्णता लागेल. डाळ तापवायला आणखी सात-आठ धरा. म्हणजे एकूण ८३ किलोकॅलरी. पाण्याला एकदा उकळी फुटली, की खालचा जाळ कितीही वाढवा, उघड्या भांड्यातल्या पाण्याचे तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही. जास्तीची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास ५४० किलोकॅलरी लागतात. उघड्या पातेल्यात तासभर डाळ रटरटत ठेवली आणि त्यात अर्धा लिटर पाणी आटले, तर २७० किलोकॅलरी नुसत्या हवेत गेल्या. म्हणजे डाळ तापवायला जितकी उष्णता लागली, तिच्या तिपटीहून अधिक उष्णता आपण छताला दिली!

मग डाळ शिजण्यासाठी प्रत्यक्षात काय लागते? लागते ते तापमान आणि वेळ. तांदळातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात ते साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान. डाळीच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे पेक्टिन मऊ व्हायला याहून अधिक तापमान लागते. तापमान जितके कमी, तितका वेळ जास्त. परंतु एकदा उकळी आल्यावर या रासायनिक बदलांना नवी उष्णता जवळजवळ लागत नाही. चुलीचा जाळ त्यानंतर एकच काम करीत असतो : भांड्यातून निसटणाऱ्या उष्णतेची भरपाई. निसटणेच थांबवले तर जाळाचे काम संपले.

ही साधी गोष्ट लक्षात घेऊन बनवलेले उपकरण म्हणजे गवताची पेटी. एक लाकडी खोके घ्यायचे, त्यात सुके गवत किंवा पेंढा दाबून भरायचा, मध्ये भांड्याच्या आकाराचे घरटे करायचे, उकळते भांडे झाकणासह त्यात ठेवायचे, वर गवताची उशी आणि पेटीचे झाकण. जाळ नाही, धूर नाही आणि करपणे तर नाहीच नाही.

शनिवारची हंडी

या युक्तीची फार जुनी लेखी नोंद सापडते ती एका धर्मशास्त्राच्या ग्रंथात. ज्यूंच्या धार्मिक नियमांचा 'मिश्ना' हा संग्रह इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झाला. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही, असा ज्यूंचा नियम. पण शनिवारी गरम जेवण तर हवे! मग शुक्रवारी शिजत ठेवलेली हंडी कशात पुरून ठेवावी, याची चर्चा या ग्रंथात आली आहे.

तेथे पदार्थांचे सरळ दोन गट पाडले आहेत. ऑलिव्हचा चोथा, शेणखत, मीठ, चुना, वाळू यांत हंडी पुरायची नाही, कारण यांनी हंडीची उष्णता वाढते असे मानले होते. कपडे, धान्य, कबुतराची पिसे, सुताराचा भुसा, जवसाचा पिंजलेला धागा यांत पुरलेली चालेल, कारण ते उष्णता केवळ राखतात. शेणखत आणि चोथा कुजताना खरोखरच उष्णता निर्माण करतात. कळीच्या चुन्याला ओल लागली की तो तापतो. मिठाचे आणि वाळूचे वर्गीकरण आज आपण तसेच करणार नाही. पण उष्णतेचा स्रोत वेगळा आणि उष्णतेचा रोधक वेगळा हा भेद अठराशे वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या पातळीवर इतका स्पष्ट होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. रात्रभर मंद शिजणाऱ्या या शनिवारच्या पदार्थाला कुठे 'हमीन', तर पूर्व युरोपात 'चोलंट' म्हणतात.

आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाला लोक 'शनवार तेली' म्हणत, कारण हे तेली शनिवारी घाणा बंद ठेवीत. तो शनिवार आणि ही हंडी एकाच नियमातून आलेली आहेत.

रमफर्डचे तापमापक

गवत, पिसे, लोकर उष्णता का राखतात, याचा पद्धतशीर अभ्यास अठराव्या शतकाच्या अखेरीस बेंजामिन टॉमसन याने केला. हाच पुढे काउंट रमफर्ड म्हणून प्रसिद्धीस आला (१७५३–१८१४). तोफेची नळी कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरचा त्याचा १७९८ चा निबंध आपण वर्गात शिकवतो. उष्णता हा पदार्थ नसून गतीचे रूप आहे, या विचाराकडे नेणारा तो निबंध. पण त्याच माणसाने आयुष्याची कितीतरी वर्षे सूप, चुली आणि कपडे यांवर घालवली, हे आपण सहसा सांगत नाही.

जन्माने अमेरिकन असलेला रमफर्ड बव्हेरियाच्या राजदरबारी नोकरीला होता. सैनिकांचे कपडे कशाचे शिवावेत असा प्रश्न त्याच्यापुढे होता. त्याने एका काचेच्या गोळ्याच्या मध्यभागी तापमापकाचा फुगा बसवला आणि भोवतालच्या पोकळीत आळीपाळीने कापूस, लोकर, रेशीम, बीव्हरची व सशाची लव, बदकाची मऊ पिसे भरली. उपकरण उकळत्या पाण्यात तापवायचे, मग बर्फाच्या पाण्यात बुडवायचे आणि पारा ठरावीक अंश उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. सशाची लव आणि पिसे सर्वांत सरस ठरली. गोळ्यात भरलेल्या तंतूंचे प्रत्यक्ष आकारमान फार थोडे होते. बाकी सगळी हवाच होती. तेव्हा रोधन करते ती अडकून पडलेली हवा, हे त्याच्या ध्यानात आले. मोकळी हवा तापली की वर चढते आणि उष्णता घेऊन जाते. तंतूंच्या जंजाळात अडकलेल्या हवेला हलता येत नाही.

येथे रमफर्डचा तोल थोडा गेला. हवा आणि पाणी उष्णता मुळीच वाहून नेत नाहीत, असे तो म्हणू लागला. ते बरोबर नव्हते. दोन्हींतून वहन होते, फक्त ते मंद असते. चांगला प्रयोग करणाऱ्याच्या हातूनही निष्कर्ष एक पायरी जास्त चढतो, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यास हे उदाहरण चांगले आहे.

१७९० च्या १ जानेवारीला म्युनिक शहरातील भिकाऱ्यांना गोळा करून त्यांच्यासाठी काम आणि जेवण यांची व्यवस्था सुरू झाली. तिचा सूत्रधार रमफर्डच होता. एवढ्या माणसांचे सूप रोज शिजवायचे तर सरपणाचा खर्च डोळ्यांसमोर येणारच. त्याने जाळ उघडा न ठेवता विटांच्या बांधकामात बंद केला, भांडी त्या बांधकामात खोल बसवली, झाकणे दुहेरी केली. उकळत्या पाण्याखाली जाळ वाढवल्याने अन्न लवकर शिजत नाही, सरपण मात्र जळते, हे तो पुन्हा पुन्हा लिहीत राहिला.

त्याने सांगितलेली एक घटना मोठी गमतीची आहे. बटाटे वाळवण्यासाठी त्याने एक यंत्र केले होते. त्यात मांस शिजते का ते पाहावे म्हणून मेंढीचा खांदा ठेवला. काही तासांनी पाहिले तर तो शिजलेला दिसेना, म्हणून प्रयोग फसला असे समजून रात्री तो तसाच सोडून दिला. सकाळी स्वयंपाकघरातल्या बायकांना तो उत्तम शिजलेला आढळला. मंद उष्णता आणि लांब वेळ यांचे महत्त्व रमफर्डला पटले ते असे. शोध लागला तो यंत्रात मांस विसरल्यामुळे आणि निदान केले ते स्वयंपाकिणींनी!

नॉर्वेची पेटी आणि दोन महायुद्धे

१८६७ साली पॅरिसला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात नॉर्वेच्या योहान सोरेनसेन याने 'आपोआप चालणारे नॉर्वेचे पाकयंत्र' मांडले. यंत्र म्हणावे असे त्यात काहीच नव्हते. आतून लोकरीच्या नमद्याचे जाड अस्तर लावलेली पेटी आणि तीत घट्ट बसणारे झाकणाचे भांडे. पण घरोघरच्या एका सवयीला नाव आणि किंमत प्रथमच मिळाली.

त्यानंतर ही पेटी जर्मनीत 'कोखकिस्ट' म्हणजे पाकपेटी या नावाने पसरली. अमेरिकेत तिला 'फायरलेस कुकर' म्हणत. १९०९ मध्ये मार्गारेट मिचेल यांचे 'द फायरलेस कुक बुक' हे पुस्तक निघाले. त्यात पेटी घरी कशी करावी येथपासून पाककृतींपर्यंत सारे होते. १९१६ मध्ये तर अमेरिकेच्या कृषी खात्यानेच शेतकरी कुटुंबांसाठी घरगुती फायरलेस कुकरवर पत्रिका काढली. बाजारात विकत मिळणाऱ्या पेट्यांत शंखजिऱ्याच्या दगडाच्या तापवलेल्या चकत्या भांड्याखाली आणि भांड्यावर ठेवीत. त्यामुळे पेटीत भाजण्याचे पदार्थही होऊ लागले.

पहिल्या महायुद्धात जर्मनी आणि ब्रिटन या दोन्ही बाजूंना कोळशाची चणचण भासू लागली, तेव्हा दोन्हीकडच्या गृहिणींना एकाच पेटीची शिफारस झाली. पिछाडीला शिजवलेले अन्न खंदकांतील सैनिकांपर्यंत गरम पोहोचवायलाही गवत भरलेल्या पेट्या वापरल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या अन्न मंत्रालयाने पुन्हा गवताच्या पेटीची पत्रके काढली. १९७३ च्या तेलसंकटानंतर ती आणखी एकदा आठवली. अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये १९७६ साली स्थापन झालेल्या ॲप्रोव्हेचो या संस्थेने चुलींच्या अभ्यासासोबत तिचाही प्रसार केला. २००८ साली दक्षिण आफ्रिकेत विजेची टंचाई सुरू असताना सारा कॉलिन्स यांनी कापडी पिशवीच्या रूपात तीच युक्ती 'वंडरबॅग' म्हणून आणली.

या साऱ्या तारखा एकाखाली एक लिहून पाहाव्यात. टंचाई आली की पेटी निघते, टंचाई सरली की माळ्यावर जाते. युक्तीत प्रत्येक वेळी काही सुधारणा झाली म्हणावे, तर तेही फारसे नाही. दर पिढीला ती नव्याने शोधावी लागली, एवढेच.

आपल्या स्वयंपाकघरात

आपल्याकडे या पेटीला स्वतंत्र नाव मिळाले नाही. तिचे तत्त्व मात्र कितीतरी सवयींत विखुरलेले होते. मातीच्या चुलीला जोडून असलेला वैल आठवा. मुख्य चुलीखालून निसटणारा गरम वायू वैलाकडे जाई आणि तेथे दूध, डाळ किंवा आंघोळीचे पाणी मंद तापत राही. वैलासाठी वेगळे सरपण लागत नसे. फुकट जाणाऱ्या उष्णतेचा तो दुसरा वापर होता.

ताटावरचे पाणी हे तर याहून सुंदर उदाहरण. भाजी शिजताना पातेल्यावर ताट झाकून त्यात पाणी ओतण्याची पद्धत आजही अनेक घरी आहे. आतली वाफ थंड ताटाला लागून तिचे पाणी होते आणि ते परत भाजीत पडते. भाजी करपत नाही. वाफेचे पाणी होताना दर ग्रॅममागे ५४० कॅलरी बाहेर पडतात आणि ताटातले पाणी तापते. भाजीला पाणी कमी पडले, की हेच गरम पाणी वापरायचे. रासायनिक कारखान्यात ज्याला उष्णतेचा पुनर्वापर म्हणतात आणि ज्यासाठी महागडी यंत्रे बसवतात, तेच येथे एका ताटात साधते.

१९१० साली कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी 'इकमिक कुकर' तयार केला. नळकांड्यासारख्या बाह्य पात्रात एकावर एक डबे, तळाशी थोडा पेटता कोळसा. एकदा लावला, की तो सोडून कामाला निघून जावे; परत येईपर्यंत भात, डाळ, रस्सा तयार आणि गरम. खाणावळीला कंटाळलेले विद्यार्थी आणि एकटे राहणारे नोकरदार यांना तो फार सोयीचा वाटे. मल्लिक हे डॉक्टर होते, शिवाय वकिलीचे आणि विज्ञानाचे शिक्षण घेतलेले. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात एकावर एक मडकी रचून वाफेवर अन्न शिजवतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात.

महाराष्ट्रात हा विचार पुढे गेला तो पुण्याच्या 'आरती' या संस्थेत. ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट हे तिचे पूर्ण नाव, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने ती १९९६ मध्ये स्थापन झाली. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी तिला २००२ चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तिच्या 'सराई' कुकरमध्ये सुमारे १०० ग्रॅम कांडीकोळशावर एका कुटुंबाचे डाळ, भात, भाजी शिजते. येथेही बाहेरचे आवरण उष्णता अडवून धरते, आणि कोळसा विझल्यानंतरही शिजणे चालू राहते.

जुने ते सारे सोने नव्हे

येथवर वाचून कोणी म्हणेल, की चला, पूर्वीचेच बरे होते. तसे आम्ही म्हणत नाही. तीन दगडांच्या उघड्या चुलीत जळणाऱ्या लाकडातील ऊर्जेच्या शंभरातले दहा-पंधरा भागच भांड्यापर्यंत पोहोचतात. बाकीची उष्णता आणि धूर स्वयंपाकघरात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्या चुलीपुढे बसून आमच्या आत्याचे डोळे कायम लाल असत आणि उतारवयात तिचा खोकला कधी थांबला नाही. गोधडीची तिची युक्ती आम्ही कौतुकाने सांगतो, पण ती युक्ती जन्मली होती सरपणाच्या टंचाईतून आणि धुरापासून तासभर सुटका मिळावी म्हणून. हे विसरून केलेले कौतुक खोटे ठरेल.

सुधारलेल्या चुलीचे प्रयत्नही जुने आहेत. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या वर्ध्याच्या मगनवाडीतून 'मगनचूल' पुढे आली. हैदराबादच्या एस. पी. राजू यांचे निर्धूर स्वयंपाकघरांवरचे पुस्तक १९५३ चे. १९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो थांबेपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच पुढे मोडल्या किंवा वापराविना पडून राहिल्या. चूल बसवणाऱ्याने ती वापरणाऱ्या बाईला आधी विचारले असते तर काय झाले असते, हा प्रश्न आम्हा संशोधकांनी स्वतःला विचारायला हवा.

१९५९ पासून भारतात प्रेशर कुकर बनू लागले. आतला दाब वाढल्याने पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते आणि डाळ मिनिटांत शिजते. इंधनबचतीत गवताच्या पेटीला खरी टक्कर दिली ती यानेच, आणि तीही चार तास आधी तयारी न करता. मात्र शिट्ट्या मोजण्याची आपली सवय या बचतीला भोक पाडते. शिट्टी म्हणजे वाया गेलेली वाफ. पहिली शिट्टी होण्याच्या बेतात आली की आच अगदी मंद करावी, दाब टिकण्यापुरती. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था हे वर्षानुवर्षे सांगत आली आहे.

पेटी मागे पडण्याची कारणेही प्रामाणिकपणे पाहू. पोळी, भाकरी, फोडणी, तळण यांना ती निरुपयोगी आहे. तिच्यात काय चालले आहे ते दिसत नाही, वास येत नाही, चाखता येत नाही. सारखे उघडून पाहिले तर ऊब जाते. भूक लागण्याच्या चार तास आधी विचार करावा लागतो. शिवाय युद्ध आणि टंचाई यांच्याशी नाव जोडले गेल्याने ती गरिबीची खूण ठरली. इंधन स्वस्त झाल्यावर तिला कोण विचारणार?

पण आज परिस्थिती अशी आहे, की २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर कोट्यवधी घरांत गॅसची शेगडी पोहोचली, तरी सिलिंडर भरून आणणे परवडत नाही म्हणून अनेक घरांत चूल पेटतेच. आपण वर केलेले गणित येथे पुन्हा उपयोगी पडते. एक किलो गॅसमध्ये सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात. शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर डाळीला उकळी आणायला साडेबारा ग्रॅम गॅस पुरतो, आणि उघड्या पातेल्यात अर्धा लिटर पाणी आटवायला आणखी ४१ ग्रॅम लागतो. ज्या घरी प्रेशर कुकर आहे तेथे बचत एवढी मोठी नसेल. पण ज्या घरी सिलिंडर महिनाभर पुरवायचा आहे, तेथे एका खोक्याने आणि दोन गोधड्यांनी चुलीचा धूर आठवड्यातले काही दिवस तरी टळू शकतो.

वर्गात करून पाहा

हा प्रयोग पाचवीपासून पुढच्या कोणत्याही वर्गात करता येईल. सारख्या आकाराची, झाकणाची दोन पातेली घ्या. दोन्हींत सारखेच उकळते पाणी शिक्षकांनी स्वतः ओतावे. एक बाकावर तसेच ठेवा, दुसरे पेंढा किंवा चिंध्या भरलेल्या खोक्यात. दर अर्ध्या तासाने तापमान मोजा आणि आलेख काढा. पुढच्या वेळी पेंढ्याऐवजी कापूस, भुसा, वर्तमानपत्राचे बोळे, कोरडी वाळू वापरून पाहा. पेंढा ओला केला तर काय होते? मोकळ्या जागा पाण्याने भरल्या की रोधन कोसळते. हेच रमफर्डचे तत्त्व उलट बाजूने.

मोठ्या मुलांना आणखी एक प्रश्न द्या. दहा सेंटिमीटर जाडीच्या उत्तम, फटी नसलेल्या रोधकात पाच लिटर उकळते पाणी ठेवले, तर हिशेबाने पहिल्या तासात ते दोन अंशांहूनही कमी थंड होते. एक लिटर मात्र जवळजवळ चार अंश. प्रत्यक्षात झाकणाच्या फटींमुळे घट याहून जास्त येईल, पण लहान भांडे लवकर निवणार हे नक्की. का? भांडे वाढले की आकारमान जितके वाढते, तितके पृष्ठफळ वाढत नाही. म्हणून पेटी मोठ्या कुटुंबाला, वसतिगृहाला आणि शाळेच्या मध्यान्ह भोजनाला अधिक साजेशी. एका माणसाच्या वाटीभर भाताला नव्हे.

घरी शिजवून पाहणाऱ्यांनी मात्र काही पथ्ये पाळावीत. डाळ आधी भिजवावी. पेटीत ठेवण्यापूर्वी पदार्थ चांगली पाच-दहा मिनिटे उकळू द्यावा, म्हणजे दाण्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचते. पातेले काठोकाठच्या बेताने भरलेले असावे. अन्न ६० अंशांच्या खाली फार वेळ राहिले तर त्यात जंतू वाढतात, आणि भातात उकळीला दाद न देणारे काही बीजाणू असतातच. म्हणून बाहेर काढलेले अन्न लगेच खावे. कोमट झाले असेल आणि फार वेळ गेला असेल तर खाऊ नये. राजमा पेटीत नुसता मंद शिजवू नये. त्यातील विषारी प्रथिन नष्ट होण्यासाठी तो भिजवून, ते पाणी टाकून, किमान दहा मिनिटे खळखळून उकळणे आवश्यक आहे. ऐंशी अंशांच्या मंद आचेवर तो अधिकच अपायकारक होऊ शकतो.

शेवटी एक गृहपाठ सुचवतो. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या सर्वांत वडील बाईला विचारावे : जळण कमी पडले की तुम्ही काय करीत होता? उत्तर तिच्या शब्दांत लिहून आणावे आणि त्यामागचे कारण वर्गाने मिळून शोधावे. काही उत्तरे विज्ञानाच्या कसोटीला उतरतील, काही उतरणार नाहीत. दोन्ही फळ्यावर लिहावीत. सोरेनसेनचे नाव प्रदर्शनाच्या यादीत राहिले, रमफर्डचे पुस्तकात. ज्यांनी ही युक्ती रोज वापरली, त्यांची नावे आणि त्यांची कारणे कोणी लिहून ठेवली नाहीत. आमच्या आत्याला आम्हीही वेळेवर विचारले नाही. तुमच्या वर्गातल्या मुलांना अजून विचारता येईल.